मनात आलं म्हणजे केलं नव्हे

महाडच्या दवाखान्यात बाकावर बसले होते, तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

मी म्हटलं, "पाठ दुखते."

तिने लगेच स्वतःच्या गुडघ्यांचं सगळं सांगितलं. कुठलं तेल चोळायचं, ते कुठे मिळतं. मी मान हलवत राहिले. आम्हा दोघींच्या समोर जे दार होतं त्यावर 'समुपदेशन' असं लिहिलं होतं. पाठीचं दार त्या मजल्यावर नव्हतंच. मला वाचता येत होतं, तिलाही येत असणार. तिचे गुडघेही बहुधा ठीकच होते.

तिला तेव्हा खरं सांगता आलं असतं तर दोघींनाही बरं वाटलं असतं. ती परत भेटली नाही. म्हणून आता लिहितेय.

विळी

मी शुभांगी. माहेर पोलादपूरचं, वडिलांचं तिथे शिलाईचं दुकान. लग्न होऊन बिरवाडीत आले. नवरा संदेश एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर आहे, पाळीची ड्यूटी. त्याचं घर वर डोंगरात, कुडपणला. सासरे नाहीत, सासूबाई तिथेच राहतात, अजून शेती करतात. आम्ही इथे भाड्याच्या दोन खोल्यांत. आमची ओवी तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

एका सकाळी मी विळीवर ओले बोंबील साफ करत होते. ओवी रांगत आली आणि विळीच्या पाटाला धरून उभी राहायला बघू लागली. मी तिला कोपराने बाजूला सारलं. कुठलीही आई करेल तेच. आणि त्याच क्षणी मनात आलं: हिला ह्या पात्यावर धरलं तर?

कुणी बोललं नाही. आवाज आला नाही. विचार माझाच होता, माझ्याच भाषेत. आमटीत मीठ घातलं का, असं आठवावं तितका साधा.

मी ताडकन उठले. विळी धुतली, मिटली, माळ्यावर टाकली. मग वाटलं, माळ्यावरून पडेल. काढली, पलंगाखाली सरकवली. मग वाटलं, ही रांगत तिथे जाईल. शेवटी गोणपाटात गुंडाळून शेजारच्या काकूंकडे नेऊन दिली. "धार लावायचीय, राहू दे तुमच्याकडे," असं काहीतरी सांगितलं. घरी आले तर बोंबलांवर माश्या बसल्या होत्या आणि ओवी जमिनीवर हात आपटून हसत होती. मी तिला उचललं नाही. उचलायची भीती वाटली.

बसेनाशी झाले

त्यानंतर एका जागी बसणं संपलं. विळी घराबाहेर गेली तर विचार बादलीत शिरला. गरम पाण्याची बादली, गॅलरीचा कठडा, उशी, ओढणी. रोज एखादी नवी वस्तू. मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची, पदराला हात पुसायची, देवाचं नाव घ्यायची. मध्येच विचार आला की ते नाव बाद, पुन्हा पहिल्यापासून. ओवी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. श्वास चालू असायचा, तरी परत बघायची. मी काही केलं तर नाही ना, आणि केलेलं मला आठवत नाही असं तर नाही ना?

घरात भाजी चिरणं बंद झालं. वरणभात, पिठलं, वरणभात.

"भाजी का नाय आज पण?" संदेश विचारायचा.

"कंटाळा आला."

मग अंघोळ. कामावरून आला की मी त्यालाच सांगायची, "तूच घाल हिला."

"अगं, थर्ड शिफ्ट करून आलोय. डोळे मिटतायत."

"घाल ना."

तो बिचारा पेंगत पेंगत लेकीला न्हाऊ घालायचा. काकू जिन्यात कुणाला तरी म्हणाल्या, "आजकालच्या पोरींना लेकरू नको, नुसता मोबाईल पायजे." मी ते दाराआडून ऐकलं. खरं सांगते, बरं वाटलं. आळशी म्हणाले तर म्हणू देत. खरं कळलं असतं तर काय म्हणाले असते?

बिरवाडीतल्या डॉक्टरांना मी झोप येत नाही एवढंच सांगितलं. त्यांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. सांगितलंच तेवढं, ते तरी काय करणार.

मग संदेशने आईला बोलावून घेतलं. सासूबाई नाचणीचं पीठ घेऊन खाली उतरल्या आणि दारातच थांबल्या. "काय गो, किती वाळलीस! सुपारीएवढं तोंड झालंय."

त्यांनी मला एका देवऋषीकडे नेलं. त्याने बघून सांगितलं, बाहेरचं हाय. लेकरू मांडीवर घेऊन समोर बस म्हणाला. त्याच्या बाजूला नारळ सोलायचा कोयता पडला होता. मी उठले आणि अंगणातून थेट रस्त्यापर्यंत पळत गेले. मागे लोक म्हणत होते, बघा, कसं पळालं अंगातलं!

मला राग येत नाही त्या माणसाचा. सासूबाईंनी त्याच्याकडून आणलेल्या अंगाऱ्याने एकदोन दिवस बरंही वाटलं. पण मग विचार परत आला, आणि आता त्याच्या जोडीला दुसराही होता: देवालाही हे आवरत नाही, म्हणजे मीच तशी आहे.

निदानाचा दिवस

संदेशच्या कंपनीत सुरक्षेच्या कार्यक्रमात एक बाई ताणतणावावर बोलायला आल्या होत्या. अर्ध्या भाषणात तो झोपला होता, हे त्यानेच कबूल केलं. पण जागा होता तेवढ्यात त्याने एक वाक्य ऐकलं होतं: न बोलावता येणारे विचारही असतात, त्यांवर उपचार असतात. त्याने त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता, तो आता लावला. अनघा मॅडम, समुपदेशन मानसशास्त्रज्ञ.

त्यांची खोली महाडच्या त्या दवाखान्यात, एक्स-रेच्या शेजारी. भिंतीपलीकडून सारखं ऐकू यायचं, "श्वास घ्या, रोखा, सोडा." मॅडम पन्नाशीच्या, खोलीतल्या एसीमुळे अंगात स्वेटर. संदेश बाहेर थांबला. मी खुर्चीच्या कडेवर बसले, चपला न काढता. पळायचं झालं तर.

माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. मी बोलले की त्या कुणालातरी फोन करणार. पोलीस येणार. ओवीला कुठल्यातरी संस्थेत नेणार. आणि मला वाटत होतं, नेऊ देत.

मी सांगितलं. जमिनीकडे बघत, एका दमात. विळी, बादली, कठडा, सगळं.

वर बघितलं तर त्या मागे सरकल्या नव्हत्या. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. विचार आला की कसं वाटतं? कुणी हुकूम देतंय असं ऐकू येतं का? बाळात काही वाईट शिरलंय असं वाटतं का? तो विचार बरोबर आहे असं कधी वाटलं? स्वतःला संपवावंसं वाटतं का? कधी हात उगारलात? मी नाही म्हणत गेले. संपवण्याच्या प्रश्नाला म्हटलं, "निघून जावंसं वाटतं. मरावंसं नाही. तिला सोडून कशी मरू?"

"विळी आता कुठे आहे?"

"शेजारी."

"का?"

"ओवीला लागू नये म्हणून."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "शुभांगी, याला ओसीडी म्हणतात, नको ते विचार अडकून बसण्याचा आजार. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो. फक्त कुणी बोलत नाही."

"तो हात धुण्याचा आजार ना?"

"काहींचा हातांवर असतो. तुमचा विचारांवर आहे. ज्याची सगळ्यात जास्त काळजी, नेमका तिथेच बसतो."

"मग मी करणार नाही ना असं काही? नक्की ना?"

त्या हसल्या नाहीत. "हा प्रश्न तुम्ही पुन्हा पुन्हा विचारणार आहात. आज एकदा सांगते, ही वाईट इच्छा नाही, आजार आहे. यापुढे मी त्याचं उत्तर देणार नाही. का ते हळूहळू समजेल."

मी रडले नाही. मला भूक लागली. बाहेर आल्यावर डेपोजवळ मी लागोपाठ दोन वडापाव खाल्ले आणि संदेश माझ्याकडे बघत राहिला.

इथे एक गोष्ट मॅडमनी मुद्दाम लिहायला सांगितली आहे. ज्यांना आवाज हुकूम देतात, किंवा असे विचार योग्यच वाटू लागतात, त्यांचं वेगळं असतं. तिथे वाट बघू नये, त्याच दिवशी मानसोपचाराच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यावं.

मॅडम समजावत नाहीत

मला वाटायचं समुपदेशन म्हणजे समजूत घालणं. मॅडमनी माझी समजूत कधीच घातली नाही. त्या स्वतः औषध देत नाहीत, हेही मला तिथे कळलं. त्यांनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. ओवी अंगावर पीत होती, ते लक्षात घेऊन डॉक्टरांनी गोळी ठरवली. मॅडमचं आणि त्यांचं आपसात बोलणं असायचं, माझ्यासमोर, माझी परवानगी विचारून.

बाकी काम मॅडमच्या खोलीत. विचार ढकलायचा नाही. त्याला उत्तर द्यायचं नाही. देवाचं नाव त्याच्यावर उतारा म्हणून घ्यायचं नाही. येऊ दे, बस म्हण, आपलं काम कर. ऐकायला सोपं! मग पायऱ्या. आधी विळी घरात परत आणायची. मग ओवी बापाच्या मांडीवर असताना भाजी चिरायची. मग ती खोलीत खेळत असताना. मग अंघोळ.

पहिले काही आठवडे मी आधीपेक्षा वाईट झाले. भेंडी चिरताना तुकडे लहानमोठे पडायचे. पाय पळायला बघायचे. भीती वाढते, वाढते आणि मग आपोआप उतरते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. उतरायची. पण ती चढत असताना ते कुणाला पटतं?

घरात भांडणं सुरू झाली ती एका नियमावरून. संदेशला मी मॅडमसमोरच सगळं सांगितलं होतं; आता मी विचारलं तरी त्याने धीर द्यायचा नाही.

"मी नाही ना करणार काही? एकदाच सांग."

"मॅडम नको म्हणाल्यात."

"एकदाच!"

"शुभा, नको ना."

"तुला मॅडम जास्त की मी?"

तो उठून गॅलरीत जायचा. मी त्याच्या मागे. तो खाली जायचा. मी जिन्यापर्यंत. एकदा तो वळला आणि ओरडला, "मी काय दगड हाय काय? तुला रडताना बघून गप बसायचं म्हणजे सोपं हाय?" काकूंनी दार उघडलं आणि परत लावलं.

पोलादपूर

मग अंघोळीची पायरी आली. साबणाने माझा हात निसटला आणि ओवी पाटावर घसरली. काही लागलं नाही तिला, रडलीही नाही. पण मी किंचाळले. माझ्या डोक्यात निकाल लागला होता. दुसऱ्या दिवशी संदेशची सुट्टी होती. मी ओवीला त्याच्याजवळ ठेवलं, पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि एकटी पोलादपूरला निघून आले.

आई म्हणाली, "अंगावरचं लेकरू टाकून आलीस? पोटची आहे ना ती?"

दूध दाटून छाती दगड झाली होती. न्हाणीघरात पिळून टाकायची आणि मला वाटायचं, मी योग्य केलं, ती आता सुरक्षित आहे. मॅडमचे फोन येत होते. घेतले नाहीत. वडील मशीन चालवत राहायचे आणि मी दुकानाच्या पायरीवरून घरात, घरातून पायरीवर. पाय थांबतच नव्हते.

संदेशने वर निरोप धाडला असणार. सासूबाई कुडपणहून एसटीने उतरल्या आणि थेट दुकानात आल्या. पाणीसुद्धा मागितलं नाही. मला वाटलं, आता तोंडसुख घेणार. त्या म्हणाल्या, "चल गो."

"आई, मी तिच्याजवळ नको. तुम्हाला माहीत नाही."

"लांब राहून जात नाय ते."

"काय जात नाही?"

"चल म्हनलं ना."

महाडपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बिरवाडीला पोचलो तेव्हा ओवी संदेशच्या खांद्यावर रडून रडून झोपली होती. सासूबाईंनी तिला त्याच्याकडून घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.  त्या माझ्या बाजूला बसून राहिल्या आणि ओवी झोपेतच प्यायला लागली.

दोघी खुर्च्यांवर

मॅडमकडे मी रागाने गेले. म्हटलं, "तुमची पद्धत मला चालत नाही."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "मी पायऱ्यांवरच लक्ष ठेवलं. तुमची झोप, तुमचं घर, तुम्ही लहानपणी काय शिकलात, ते मागे राहिलं. घाई माझी झाली. माझं चुकलं."

डॉक्टरकीच्या खुर्चीतल्या माणसाला 'चुकलं' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. राग तिथेच निम्मा झाला.

"मग नक्की कुठली पद्धत आहे तुमची?"

"उपयोगी पडेल ती. पण कुठली, कशासाठी, हे मला ठाऊक असलं पाहिजे आणि तुम्हालाही."

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. पायऱ्या होत्याच, पण बारीक. झोपेसाठी संदेशच्या पाळ्या बघून वाटणी ठरली. श्वासाचा सराव होता, पण भीती घालवायला नाही, अंग सैल ठेवायला. आणि माझ्या लहानपणाबद्दल बोलणं. आमच्या घरात शिकवण होती, वाईट मनात आलं तरी पाप लागतं. लहानपणी देवळात मनात शिवी आली म्हणून मी जेवले नव्हते, ते मला तिथे आठवलं. म्हणजे हे बी जुनंच होतं. बाळंतपणात ते फुटलं.

पुढच्या खेपेला मॅडमनी सासूबाईंना आत बोलावलं. त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, "अंगारा बंद करायचा काय?"

"लावा की," मॅडम म्हणाल्या. "सकाळी देवापुढे, एकदा. ती घाबरली की धावत जाऊन लावायचा नाही."

सासूबाईंना हे पटलं. त्या खुर्चीवर टेकल्या. मॅडमनी त्यांना माझा आजार साध्या शब्दांत सांगितला. त्या ऐकत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. पलीकडून "श्वास घ्या, रोखा" चाललेलं.

मग त्या एकदम म्हणाल्या, "बाई, याला नाव हाय?"

"आहे."

"आमच्या टायमाला नव्हतं." मग माझ्याकडे वळल्या. "संदेश तान्हा होता गो. आमच्या घराच्या वरल्या अंगाला कडा हाय. गवताला जायची, ह्याला पाठीशी बांधून. एक दिस कड्यावर उभी होते, आन मनात आलं, सोडला तर? मी तिथंच खाली बसले. रांगत रांगत मागं आले. त्या दिसापासनं त्याला जावेच्या हातात दिला. न्हाऊ घालायचा तिनं, भरवायचा तिनं. मी शेतात राबायची. घराकडं फिरकायची नाय. लोक म्हनायची, हिला माया नाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. संदेश मला लग्नाआधीच म्हणाला होता, मला काकीने वाढवलं, आईला माझं काही पडलेलं नसायचं.

"कुणाला सांगितलं नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"कुनाला सांगनार? दगडानं ठेचली असती मला." मग पदराचं टोक सोडून, "अजून येतं. आता हिच्या लेकीबद्दल येतं. म्हनून मी खाली राहायला येत नाय."

मॅडमनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. मी सासूबाईंचा हात धरला. खरबरीत, गार हात. लग्न झाल्यापासून मी तो कधी धरला नव्हता.

आता

मी बरी आहे का? आहे, असं म्हणते. भाजी चिरते. ओवीला न्हाऊ घालते, ती सगळं पाणी माझ्या अंगावर उडवते. गोळी अजून चालू आहे, डॉक्टर सांगतील तेव्हा हळूहळू कमी होईल. विचार येतात. काही आठवडे शांत जातात, मग एखादा दिवस सगळा उलटा होतो आणि मी पुन्हा खोलीभर फिरत असते. फिरता फिरता काम करते. मॅडम म्हणतात, तेवढं पुरे.

सासूबाई मॅडमकडे काही वेळा एकट्या गेल्या. काय बोलल्या, मी विचारलं नाही. मग एका रविवारी त्या बिरवाडीला आल्या. संदेश जमिनीवर बसून टेबलफॅन खोलत होता. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. कडा, पाठीवरचं बाळ, जाऊ. भाकरीचं पीठ किती घ्यायचं ते सांगावं तशा आवाजात. मी ओट्याशी उभी होते. हात तसाच कणकेत.

संदेश खाली मान घालून स्क्रू फिरवत राहिला. तो फिरून निघाला होता तरी फिरवत राहिला.

"आये," तो शेवटी म्हणाला, "मला वाटायचं, मी तुला आवडत नाय."

"आवडत होतास," त्या म्हणाल्या. "म्हनून तर लांब ठेवला."

 ओवी रांगत आली आणि जमिनीवरच्या स्क्रूड्रायव्हरकडे निघाली. माझ्या मनात जे यायचं ते आलं. सासूबाईंच्याही मनात आलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी जागेवरून हललो नाही. संदेशने स्क्रूड्रायव्हर उचलून खिशात टाकला, लेकीला उचललं, आणि उठून आईच्या कडेवर दिलं.

त्यांनी तिला घट्ट धरलं.  सोडली नाही.